उणे तीन

क्वेकर्स हिल, सिडनी
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय कांतामावशी,

जय भीम, आणि आधीच सॉरी. तू व्हॉट्सॲपवर नाहीस, फोन उचलत नाहीस, म्हणून आईच्या सल्ल्याने ईमेल करतोय. "कांताला पत्र लिही, पत्राला ती उत्तर देतेच," असं आई म्हणाली. पुढे काय म्हणाली ते सांगत नाही.

आईने सांगितलं असेलच, जानेवारीपासून मी हेड ऑफ इंजिनिअरिंग झालोय. आमचं ॲप म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाणाऱ्या केअर वर्कर्ससाठी आहे. घरांचे पत्ते, दाराबाहेरच्या किल्लीच्या पेटीचे नंबर, कुणाला कुठलं औषध, हे सगळं त्यांच्या फोनमध्ये एन्क्रिप्ट करून ठेवलेलं असतं आणि चार आकडी पिन टाकला की उघडतं. त्या पिनपासून एन्क्रिप्शनची की बनवायला आम्ही तू लिहून ठेवलेली 'किल्ली' ही तयार कोडची लायब्ररी वापरतो. हो, तुझीच! ऑफिसात मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, की 'सी' या प्रोग्रॅमिंग भाषेतला हा जुना कोड लिहिणारी बाई माझी सख्खी मावशी आहे.

प्रॉब्लेम असा, की तुझं डिसेंबरचं नवं व्हर्जन घेतल्यापासून ॲप उघडतच नाही. की बनवणारं फंक्शन काहीही न बनवता 'उणे तीन' असं उत्तर देतं आणि गप्प बसतं. शुक्रवारी एका मोठ्या केअर संस्थेसमोर आमचा डेमो आहे. प्लीज, एक छोटा स्विच टाकून दे ना, म्हणजे ते फंक्शन आत जी काही तपासणी करतं ती आमच्यापुरती बंद करता येईल. तुझं पाच मिनिटांचं काम. गुरुवारच्या आर्व्होपर्यंत दिलंस तरी नो वरीज.

तुझा,
विवेक


वेरिबी, मेलबर्न
११ फेब्रुवारी

चि. विवेक,

पत्र पोचलं. हेड झालास हे वाचून आनंद झाला. आत काय आहे तेही यथावकाश कळेल.

'जुना कोड लिहिणारी बाई' टेलिफोन एक्स्चेंजसाठी सी लिहीत होती तेव्हा तू जन्मायचा होतास. तू झाल्याची बातमी मला त्याच एक्स्चेंजच्या फोनवरून कळली. तेव्हा जुना कोड चालतो, एवढं मान्य कर. आणि आर्व्होला आम्ही दुपार म्हणतो.

आता 'उणे तीन'. हेडच्या मुलाखतीत विचारलं नसावं, म्हणून सांगते. पिन म्हणजे चार आकडे. तेवढ्याने कुलूप लागत नाही. माझं फंक्शन तो पिन घेतं, त्यात आणखी एक वस्तू मिसळतं आणि ते मिश्रण हजारो वेळा घुसळून त्यातून लांबलचक की काढतं. हजारो वेळा कशाला? ज्याला पिन माहीत आहे तो एकदाच अर्धा सेकंद थांबतो. चोर अंदाजाने पिन टाकून बघत असतो, त्याला प्रत्येक अंदाजाला तेवढं थांबावं लागतं. त्याचा जीव मेटाकुटीला यावा म्हणून हे फेरे.

आणि मिसळायची वस्तू म्हणजे सॉल्ट. दर फोनला वेगळं, कुणालाही आधी ओळखता येणार नाही असं. म्हणजे दोन बायकांचा पिन एकच निघाला तरी त्यांच्या की वेगळ्या होतात. हे मीठ चवीपुरतं चालत नाही, सोळा बाइट तरी लागतं.

उणे तीन म्हणजे सभ्य भाषेत 'नाही'. तू फेरे कमी दिलेस किंवा सॉल्ट तोकडं दिलंस, तर त्यातून मी की बनवणार नाही, असा त्याचा अर्थ. स्विच मिळणार नाही. तू फंक्शनला काय देतोस त्या ओळी पाठव.

मावशी


१२ फेब्रुवारी

मावशी,

लेक्चरबद्दल थँक्स. ओळी पाठवतोय. वाचायच्या आधी एवढं लक्षात घे, की परफॉर्मन्स हेही फीचर असतं. केअर वर्कर दारात उभी असते, बाहेर अडतीस डिग्री असतं, ती अर्धा सेकंद का थांबेल?

फेरे: एक.

सॉल्ट: एस, ए, एल, टी. म्हणजे 'सॉल्ट' हाच शब्द.

दोन वर्षं हे बिनतक्रार चाललंय. आमच्या वेबसाइटवर 'बँकेइतकं सुरक्षित' असं छापलंय आणि आजवर कुणीही हरकत घेतलेली नाही. आता काय बदलू तेवढं दोन ओळींत सांग. उद्या ग्रेगला, म्हणजे आमच्या सीईओला, उत्तर द्यायचंय.

विवेक


१३ फेब्रुवारी

विवेक,

तुझं पत्र वाचून मी उठून अंगणात एक चक्कर मारून आले. शेजारच्या बाईने विचारलं, "यू ऑलराइट, कांता?" तिला म्हटलं, माझ्या भाच्याने आमटीत मीठ घालायच्या ऐवजी चिठ्ठीवर 'मीठ' लिहून ती चिठ्ठी आमटीत टाकली आहे, आणि दोन वर्षं लोक ती पिताहेत.

आणि फेरा एक! आपल्या लग्नांत फेरे नसतात, म्हणून इथेही एकच पुष्कळ झाला असं वाटलं का? तुझं नाव विवेक ठेवावं असं मीच सुचवलं होतं. आज तुझ्या आईची जाहीर माफी मागते.

बँकेइतकं सुरक्षित म्हणतोस. कुठली बँक ते सांग, माझं तिथे खातं असेल तर बंद करीन.

दोन ओळी सोबत आहेत. सॉल्ट प्रत्येक फोनने स्वतः तयार करायचं, फेरे सहा लाख. पण चार आकडी पिनच्या एकंदर शक्यताच दहा हजार. कितीही घुसळलंस तरी चिकाटीचा चोर तिथे पोचतोच. पिन सहा आकडी तरी करा आणि फोनच्या चिपमधलं गुपितही त्यात मिसळा. हे नीट करायला आठवडा लागेल. डेमो पुढे ढकल.

आणि हा कोड कुठल्या महाभागाने लिहिला, ते कळलं तर बरं होईल.

मावशी


१५ फेब्रुवारी

मावशी,

डेमो झाला. पुढे न ढकलता झाला, आणि मस्त झाला. संस्थेने लगेच दोनशे घरांसाठी होकार दिला. ग्रेग सगळ्यांसमोर म्हणाला, "विवेक, मेट, यू सेव्ह्ड अस." तुझ्या स्विचची गरज पडली नाही. मी एक छोटा वर्कअराउंड केला. एक ओळ काढली, डेटा नव्याने भरला, आणि उणे तीन गेलं! इतकं सोपं होतं.

आता तुझा महाभाग. तो कोड मी लिहिला. आणि कुठून उचलला, ते सोबतच्या स्क्रीनशॉटमध्ये बघ. तुझ्याच लायब्ररीतल्या उदाहरणांच्या फाइलमध्ये, पहिल्याच पानावर: पासवर्डच्या जागी 'पासवर्ड', सॉल्टच्या जागी 'सॉल्ट', फेरे एक. खाली लिहिलंय, 'वापरायची सोपी पद्धत'. त्याखाली नाव तुझं.

आमटीची रेसिपी तुझीच होती, मावशी.

विवेक


१६ फेब्रुवारी

विवेक,

फाइल उघडून बघितली. तू म्हणतोस ते खरं आहे.

ते आकडे हिशेबाची शहानिशा करण्यासाठी असतात. त्यांचं उत्तर सगळ्या जगाला ठाऊक असतं, म्हणून नवीन लायब्ररीने ते काढून बघायचं आणि आपलं गणित बरोबर आहे ना याची खात्री करायची. अकरा वर्षांपूर्वी मी ती चाचणी लिहिली आणि वेगळं उदाहरण लिहायचा कंटाळा केला. तीच ओळ उचलून वर 'सोपी पद्धत' असं लिहून टाकलं. त्यानंतर ते पान मी एकदाही वाचलं नाही. लोक माझं फंक्शन वाचत नाहीत, उदाहरण वाचतात, हे मला कळायला हवं होतं. लाज वाटली. तुझ्याकडून वाटली, म्हणून जरा जास्तच.

आता तू एक सांग. ओळ कुठली काढलीस?

मावशी


२३ फेब्रुवारी

विवेक, कुठली ओळ?

मावशी


४ मार्च

अरे हेड, ओळ.

मावशी


२४ मार्च

मावशी,

इतके दिवस लिहिलं नाही, कामाचा ढीग होता. आता एक अर्जंट काम आहे, आणि या वेळी खरंच तूच करू शकतेस.

झालंय असं. त्या डेमोवाल्या संस्थेकडची एक केअर वर्कर आहे, नर्सिंगची स्टुडंट, इंडियन. तिने कामाचा फोन बसमध्ये हरवला. ऑफिसच्या फोनला वेगळं लॉक नसतं, ॲपला पिन आहे म्हणून. दोन दिवसांनी सेव्हन हिल्समधल्या मिसेस हॅलोरन म्हणून एक ब्याऐंशी वर्षांच्या बाई आहेत, त्यांच्या दाराबाहेरची पेटी नंबर टाकून उघडून कुणीतरी घरात शिरलं. बाई डॉक्टरकडे गेल्या होत्या. त्यांच्या दुखण्याच्या गोळ्या आणि चिकटवायच्या पट्ट्या, सगळं नेलं. नवं प्रिस्क्रिप्शन मिळेपर्यंत दीड दिवस त्यांनी तसाच काढला. पेटीचा नंबर फक्त त्या ॲपमध्ये होता.

ती मुलगी म्हणते, मी पिन कुणालाही दिला नाही. पण पिनशिवाय ॲप उघडत नाही, म्हणजे तिनेच दिला असणार. तिला कामावरून बाजूला केलंय. शुक्रवारी चौकशी आहे. मला लेखी द्यायचंय, की ॲप पिनशिवाय उघडू शकत नाही. त्याला लायब्ररीच्या लेखिकेचं पत्र जोडलं तर वजन येईल. चार ओळी पुरेत: 'किल्ली' सुरक्षित आहे, जगभर वापरतात, वगैरे.

मुलगी साधी नाही हं. तीन आठवड्यांपूर्वीच तिने तक्रार टाकून ठेवली होती, की चुकीचा पिन टाकला तरी ॲप उघडतं. आम्ही युजर एरर म्हणून ती बंद केली. म्हणजे सबब आधीच तयार करून ठेवली होती.

बुधवारपर्यंत पाठव.

विवेक


२५ मार्च

विवेक,

पत्र देण्याआधी एक काम कर. एक फोन घे. ॲप उघड. मुद्दाम चुकीचा पिन टाक. काय होतं ते मला कळव.

दोन मिनिटांचं काम आहे. तुझ्या भाषेत, आर्व्होपर्यंत दिलंस तरी चालेल.

आणि त्या मुलीला नाव असेल ना?

मावशी


२६ मार्च

मावशी,

मी मदत मागितली होती, होमवर्क नाही. ॲप रोज दोनशे घरांत वापरलं जातंय, सगळ्यांचं उघडतंय. परवा चौकशी आहे, माझ्यामागे शंभर कामं आहेत. या घडीला मी पिन टाकून खेळत बसू?

नाव मिताली. आडनाव बघावं लागेल.

खरं सांगू? तुला आमच्यातल्या कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही. आई नेहमी म्हणते, कांता हुशार, पण तिच्या हुशारीच्या चार हात लांब उभं राहावं लागतं. वीस वर्षं वेरिबीत एकटी एक लायब्ररी घेऊन बसलीस. ती कोण वापरतं, कशासाठी वापरतं, याच्याशी तुला देणंघेणं नाही. मी तीच लायब्ररी माणसांपर्यंत नेली, तर तू माझ्या चुका काढतेस.

पत्र देणार आहेस की नाही, एवढंच सांग.

विवेक


२७ मार्च

विवेक,

एकटी बसले, हे खरं. तुझी आई म्हणते तेही खरं. आता माझं ऐक.

तू पिन टाकून बघितला नाहीस, कारण काय दिसेल याचा तुला अंदाज आहे. मलाही आहे. माझं फंक्शन नाही म्हणतं तेव्हा दोन गोष्टी करतं. उणे तीन हे उत्तर देतं, आणि कीसाठी ठेवलेली जागा शून्यांनी भरून टाकतं, म्हणजे तिथे चुकूनही जुनं काही उरू नये. तुझ्या कोडमध्ये पूर्वी एक ओळ असणार: 'नाही म्हटलं तर थांब.' म्हणूनच ॲप अडलं. डेमोच्या आदल्या दिवशी तू तीच ओळ काढलीस. नाही म्हटलेलं ऐकायचंच नाही, हा तुझा वर्कअराउंड. तेव्हापासून तुमच्या प्रत्येक फोनची की म्हणजे नुसती शून्यं. कुठलाही पिन टाका, शून्यंच येणार आणि दार उघडणार. डेमोत कुणी चुकीचा पिन टाकला नाही, म्हणून टाळ्या पडल्या.

हे तुमच्या सगळ्यांत एकाच व्यक्तीने तीन आठवड्यांपूर्वी शोधून काढलं. तिला तुम्ही घरी बसवलंत.

गेल्या चौदा एप्रिलला ब्लॅकटाउनच्या हॉलमध्ये तुझं भाषण मी मागच्या खुर्चीवरून ऐकलं होतं. पिढ्यानपिढ्या आपल्या माणसांचं म्हणणं कुणी नोंदवून घेतलं नाही, असं तू म्हणालास. आवाज चांगला लागला होता. मितालीचं म्हणणं तर तुमच्याकडे नोंदवलेलं होतं. ते तुम्ही 'बंद' असा शिक्का मारून मिटवलंत.

पत्र हवं होतं ना, हे घे. जसंच्या तसं जोड:

'मी किल्ली या लायब्ररीची लेखिका. असुरक्षित मागणी आली तर ही लायब्ररी की बनवायला नकार देते आणि तसं उत्तर देते. हे ॲप ते उत्तर वाचतं की नाही, हे श्री. विवेक यांना माहीत आहे. त्यांना विचारावं. लायब्ररीतलं जे उदाहरण त्यांनी वापरलं ते चुकीचं होतं आणि ते मी लिहिलं होतं. कांता रामटेके.'

मावशी


६ एप्रिल

मावशी,

नऊ दिवस हे पत्र लिहायला घेतोय आणि ठेवतोय. जे झालं ते सरळ सांगतो.

तुझं पत्र गुरुवारी संध्याकाळी वाचलं आणि तुझा भयंकर राग आला. शुक्रवारी सकाळी स्टेशनच्या कार पार्कमध्ये गाडीत बसून मी टेस्टचा फोन काढला. एक दोन तीन चार टाकलं. उघडलं. चार शून्यं टाकली. उघडलं. माझी जन्मतारीख टाकली. उघडलं. मग नुसते आकडे बदलत बसलो. आठदा, दहादा, किती वेळा कोण जाणे. ट्रेन गेली.

यापुढचं मी घरी बायकोला, मानसीलाही सांगितलेलं नाही. माझ्या मनात पहिल्यांदा मिताली आली नाही. पहिल्यांदा आलं, की वीस मिनिटांत दुरुस्ती होईल. लॅपटॉप काढून मी ती ओळ परत टाकली, तुझं सॉल्ट आणि सहा लाख फेरे टाकले, नवं व्हर्जन तयार केलं. बटण दाबलं असतं तर दुपारी चौकशी सुरू व्हायच्या आत सगळे फोन बदलले असते. चुकीच्या पिनने काहीच उघडलं नसतं. ती जे सांगतेय ते कुणालाही दाखवता आलं नसतं.

बटण दाबलं नाही. फार मोठं मन वगैरे काही नव्हतं. हात बटणावरच होता. मग विचार आला, की हे दाबलं तर यानंतर कुणाशीही बोलताना मला कायम लक्षात ठेवावं लागेल, की काय सांगायचं नाही. तेवढं झेपणार नाही असं वाटलं.

चौकशीला सहाजण होते. मिताली टेबलाच्या टोकाला बसली होती. हातात प्लॅस्टिकची फाइल, त्यात तिच्या तक्रारीची प्रिंट. ती मला मराठीत म्हणाली, "सर, मी तुम्हालाच लिहिलं होतं." मला तर ती मराठी आहे हेही माहीत नव्हतं. ग्रेगने मला बोलायला सांगितलं. मी तुझं पत्र वाचलं, सगळं वाचलं. मग टेस्टचा फोन त्याच्याकडे सरकवला आणि म्हटलं, कुठलेही चार आकडे टाक. त्याने टाकले. उघडलं. त्याने परत टाकले. मग फोन संस्थेच्या बाईंकडे दिला. त्यांनी टाकले, आणि त्या हसल्याच. गंमत वाटावी असं हसू नव्हतं ते.

ग्रेग म्हणाला, "सो इट्स अ बग, मेट?"

मी म्हटलं, "नाही. नाही म्हणणारी ओळ होती, ती मी काढली."

संस्थेने ॲप बंद केलं. सगळ्या पेट्यांचे नंबर बदलले. मितालीवरचा आरोप लेखी मागे घेतला, शिफ्ट परत दिल्या. मी आता हेड नाही. मला काढलंही नाही, कारण कंपनीत सी वाचू शकणारा दुसरा कुणी नाही. तुझ्या मते मीही नाही, ते माहीत आहे.

विवेक


८ एप्रिल

चि. विवेक,

पत्र दोनदा वाचलं. कार पार्कचा भाग तू गाळू शकला असतास. गाळला नाहीस.

शाबासकीची वाट बघत असशील तर ती येणार नाही. स्वतः केलेली चोरी पकडून दिल्याबद्दल बक्षीस नसतं. पण तुझ्या आईला मी काल आपणहून फोन केला. 'पत्राला ती उत्तर देतेच' याच्यापुढे ती काय म्हणाली होती, तेही विचारून घेतलं. आमच्या बोलण्यात तुझं नाव दोन-तीनदा चांगल्या अर्थाने आलं. एवढ्यावर भागव.

माझ्या बाजूचं सांगते. ते उदाहरण काढून टाकलं. मग इंटरनेटवर शोधलं, तर एकशे चाळीस जणांनी ते जसंच्या तसं उचललेलं सापडलं. त्यात एक दाराच्या कुलपांचं सॉफ्टवेअर आहे आणि एक दवाखान्याचं. रोज सात-आठ जणांना लिहितेय. निम्मे उत्तर देत नाहीत. एकाने लिहिलं, 'धन्यवाद, पण आमचं व्यवस्थित चाललंय.' मला तूच आठवलास. आणि नव्या व्हर्जनमध्ये फंक्शनचं उत्तर न वाचता पुढे गेलं, तर कोडचं ॲप बनवतानाच कंपायलर आरडाओरडा करतो. हे दहा वर्षांपूर्वी करता आलं असतं, एका ओळीचं काम होतं. मला वाटायचं, एवढं तर लोक वाचतीलच. तू परफॉर्मन्सच्या नावाखाली आळस केलास, मी हुशारीच्या नावाखाली.

मितालीला मी माफीचं पत्र लिहिलंय. तूही लिही. आणि आपली ही सगळी पत्रं तिला पाठव, मला शोभत नाहीत ती धरून. तिच्यामागे तिच्याबद्दल काय काय बोललं गेलं, ते वाचायचा तिला हक्क आहे.

मावशी


ब्लॅकटाउन
२१ एप्रिल

कांता मॅडम आणि विवेक सर यांस,

दोघांची माफीची पत्रं मिळाली. सरांनी फॉरवर्ड केलेली बाकीची पत्रंही वाचली. एका रविवारी सगळी वाचून काढली, मैत्रिणीला काही मोठ्याने वाचून दाखवली. आमटीवर ती खूप हसली. मीही हसले. नंतर 'मुलगी साधी नाही हं' आलं, तेव्हा तिने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही, तरी लिहिते. तुम्ही दोघं फार छान भांडता. पण कुठल्याच पत्रात कुणी मला फोन करून विचारलेलं नाही, की बाई, तुला काय दिसलं? विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्या दिवशी हातात ग्लोव्हज होते. अंगठा सरकला, चारच्या जागी सात पडला आणि ॲप उघडलं. मी दारात उभी राहून आणखी तीनदा चुकीचा पिन टाकला. मग तक्रार लिहिली. तीन ओळी होत्या. ती समजायला सी यावं लागत नाही. मॅडम, तुम्हाला माझं नाव २६ मार्चला कळलं. ईमेल पत्ता शोधायला आठवडाही लागला नसता. तुम्हीही सरांचीच वाट बघत बसलात.

शिफ्ट परत दिल्या आहेत, पण मी एजन्सी बदलली. शेवटचं सेमिस्टर आहे, त्यात मन दुसरीकडे नको. मॅडम, माफीच्या पत्रात मला वेरिबीला जेवायला बोलावलंत, त्याबद्दल आभार. परीक्षा झाली की बघू.

एक काम मात्र राहिलंय, ते तुम्ही दोघांनी करायचं आहे.

गेल्या मंगळवारी मी मिसेस हॅलोरनकडे गेले होते. ड्यूटी नव्हती, अशीच गेले. आठ महिने मी त्यांना आंघोळ घातली आहे, पायाला क्रीम लावलं आहे. त्यांनी जाळीचं दार उघडलं नाही. आतूनच म्हणाल्या, "आय ट्रस्टेड यू, लव्ह." मी सांगायचा प्रयत्न केला, त्यांना नीट ऐकू आलं नाही, आणि मला तिथे ओरडून बोलवेना. संस्थेने त्यांना पत्र पाठवलंय म्हणे. त्याची कॉपी मला मिळाली. त्यात लिहिलंय, की 'एका तांत्रिक बाबीमुळे काही ग्राहकांच्या माहितीवर परिणाम झाला असण्याची शक्यता आहे.' एवढंच. तुम्ही त्या टेबलावर सगळं कबूल केलंत, एकमेकांना कबूल केलंत, मलाही केलंत. ज्यांच्या गोळ्या गेल्या, त्यांना अजून वाटतं की नंबर मी दिला.

तेव्हा त्यांना लिहा. एकाच कागदावर, दोघांनी सही करून. इंग्रजी सोपं ठेवा. फेरे, सॉल्ट, शून्यं, यातलं काही नको. कुलूप खराब होतं, ते तुम्ही बनवलं होतं, आणि मितालीने ते आधीच सांगितलं होतं, एवढंच लिहा. पत्ता खाली देते.

फोन करू नका, त्यांना ऐकू येणार नाही. टाइप केलेलंही पाठवू नका. छापील पत्र आलं की त्या ते बिलासारखं समजतात आणि मुलगी येईपर्यंत ड्रॉवरमध्ये टाकून ठेवतात, आणि मुलगी नाताळला येते. हाताने लिहा. अक्षर मोठं काढा.

मिताली